साखर-मिठाचे पाणी

मी कला शाखेची विद्यार्थिनी. शास्त्र दहावीलाच सुटले. तरीही गेल्या पावसाळ्यात एका शास्त्रीय प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला. त्याचे उत्तर येथे मांडते.

अंबरनाथला आमच्या घरी धाकट्या भावाला जुलाब सुरू झाले. डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली. आई त्याला मिठाचे पाणी पाजत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "साखर नाही घातली?" आई म्हणाली, "पोट बिघडलंय, त्यात गोड कशाला?" घरात कॉलेजात गेलेली मी एकटीच, पण मलाही उत्तर देता आले नाही. ती टोचणी घेऊन मी ग्रंथालयात गेले.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ पटल असते. त्यातून पाणी हळूहळूच झिरपते. तांबड्या रक्तपेशी, मूत्रपिंडाच्या पेशी यांना एवढ्याने भागत नाही. त्यांच्या पटलात प्रथिनांच्या नळ्या असतात. पाण्याचे रेणू त्यातून एकामागोमाग एक, सेकंदाला अब्जावधींनी जातात. या नळ्यांचे कार्य पीटर ॲग्रे यांनी १९९२ मध्ये सिद्ध केले. २००३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु वाट असली तरी पाणी आपणहून चढत नाही. जिकडे क्षार व साखर अधिक, तिकडे ते ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. पटकीचे विष आतड्यातून क्षार बाहेर सोडायला लावते. त्यामागून पाणीही वाहून जाते. मात्र आतड्यातील एक वाहक प्रथिन तेव्हाही शाबूत असते. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन कण मिळूनच आत घेते. ग्लुकोज नसेल, तर या वाटेने सोडियम जात नाही. दोन्ही आत गेले, की पाणी मागोमाग येते. आपली साखर आतड्यात फुटून हेच ग्लुकोज देते. म्हणजे साखर हा लाड नव्हे. मिठाचे दार उघडणारी ती किल्ली आहे.

याची मोठी परीक्षा १९७१ साली झाली. बांगलादेशच्या युद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज पाण्यात मिसळून ते नातेवाइकांच्या हाती दिले. सुमारे तीस टक्क्यांचे मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले.

हे वाचताना मला आमच्या कॉलेजचे गाव आठवले. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावणीतूनच १९४९ साली उल्हासनगर नावारूपाला आले. आजही येथे पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' असेच म्हणतात. छावणीतील माणसाला मोठे इस्पितळ नव्हे, आधी शुद्ध पाणी हवे असते.

घरी करायचे प्रमाण सोपे आहे : उकळून गार केलेले एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साखर वाढवू नये. जास्त झाली तर तीच पाणी आतड्यात ओढते. मूल मलूल झाले किंवा पीत नसेल, तर तडक दवाखाना गाठावा.

भाऊ बरा झाला. मी आईला सारे समजावले. ती म्हणाली, "एवढं साधं होतं, तर आधी कुणी का नाही सांगितलं?" दुसऱ्याच दिवशी तिने बदलापूरच्या मावशीला हे प्रमाण कळवले. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग.