कोरड्या शहरातील परसबाग

घराभोवती थोडी मोकळी जमीन मिळाली की मनुष्य तेथे काही ना काही लावतो. ही प्रवृत्ती फार जुनी आहे. परंतु जेथे पाण्याची वाण असते, तेथे परसबाग ही चैन ठरते की काटकसर, हा प्रश्न उपस्थित होतो. जयपूरमधील बनी पार्क या वस्तीच्या उदाहरणावरून त्याचा विचार करता येईल.

सवाई जयसिंग यांनी १७२७ मध्ये वसविलेल्या जयपूरच्या तटबंदीत घरे एकमेकांस लागून उभी राहिली. तटाबाहेर पश्चिमेस, रेल्वे स्थानकाच्या जवळ असलेल्या बनी पार्कमध्ये मात्र आवार असलेले बंगले बांधले गेले. त्यामुळे बागेला जागा मिळाली. अडचण पाण्याची होती. जयपूरला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतांशी पावसाळ्याच्या तीन महिन्यांतच. ज्या रामगढ तलावावर १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती झाल्या, तो पुढे कोरडा पडला. २००९ पासून शहराला शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या बीसलपूर धरणाचे पाणी मिळू लागले. एवढ्या दुरून आणलेले पाणी केवळ हिरवळीवर शिंपडणे समर्थनीय नाही.

परसबागेचा हिशेब मात्र वेगळा आहे. भाज्या, डाळ व तांदूळ धुतलेले पाणी कुटुंबागणिक दररोज वीस-तीस लिटर सहज निघते. हिवाळ्यात वाफ्याला प्रत्येक चौरस मीटरमागे रोज सुमारे तीन लिटर पाणी लागते असे धरले, तर आठ-दहा चौरस मीटरांचा पालक, मेथी, कोथिंबीर व मुळा यांचा वाफा एवढ्यावर पोसला जातो. उन्हाळ्यात ही गरज दुपटीहून अधिक वाढते. तेव्हा वाफा निम्म्याने कमी करून गवार, चवळी यांसारखी उष्णता सोसणारी पिके घ्यावीत आणि माती पालापाचोळ्याने झाकावी. कोकणातील घरांत न्हाणीचे पाणी केळी व अळू यांच्याकडे वळविण्याची जी रीत आहे, तिच्यामागे हेच तत्त्व आहे. सोडा किंवा अधिक साबण मिसळलेले पाणी मात्र वाफ्यात सोडू नये. त्याने जमीन खारावते.

बागेचे लाभ केवळ बाजारभावाने मोजता येत नाहीत. पालेभाजी खुडल्यानंतर जसजसा वेळ जातो, तसतसे तिच्यातील क जीवनसत्त्व घटते. अंगणातील भाजी काही मिनिटांत चुलीवर चढते. स्वयंपाकघरातील साली व देठ खत होऊन रेताड मातीला ओलावा धरून ठेवण्याची शक्ती देतात. पश्चिमेच्या भिंतीलगत लावलेला शेवगा किंवा मांडवावर चढविलेला दोडका दुपारचे ऊन अडवितो. वृद्धांना व मुलांना झेपेल असे कामही बागेत मिळते आणि वाफ्यातील जास्तीची भाजी शेजारी जाते.

तात्पर्य, बागेचा आकार जागेवरून न ठरविता घरातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावरून ठरवावा. ही मर्यादा पाळणारी परसबाग कोरड्या शहरातही चैन ठरत नाही. वाया जाणाऱ्या पाण्यातून ती घराला अन्न मिळवून देते.