वेग वाढला, पट्टी तीच!

मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची ग्रामोफोनची तबकडी ४५ फेऱ्यांवर लावली, तर गाणे लवकर संपते. पण आवाजही चिरका होतो. असे का? वेग १.३५ पट झाला, की दर सेकंदाला कानावर येणारी कंपनेही तितकीच पट होतात. कंपनांची ही संख्या म्हणजे कंप्रता. तिच्यावरच स्वराची उंची अवलंबून असते. त्यामुळे गायकाचा षड्ज थेट मध्यमाच्या किंचित वर जाऊन बसतो!

मोबाइलवर मात्र व्याख्यान दुप्पट वेगाने ऐकले, तरी वक्त्याची पट्टी बदलत नाही. हे कसे साधते, ते कागदावर करून पाहू.

२० सेंमी लांबीच्या कागदी पट्टीवर, मध्यरेषेपासून सुरुवात करून, एकेक सेंमीच्या २० सारख्या लाटा काढा. लांबी म्हणजे वेळ समजा. याच लाटा १० सेंमीत दाटीने बसवल्या, तर प्रत्येक लाट अर्ध्या सेंमीची होईल, म्हणजे कंप्रता दुप्पट. तबकडीचे असेच होते. आता पट्टीचे दोन-दोन सेंमीचे तुकडे करा, एकाआड एक टाकून द्या व उरलेले जोडा. लांबी निम्मी झाली, पण लाट एक सेंमीचीच राहिली! उलट, प्रत्येक तुकडा दोनदा जोडला, तर वेग निम्मा होईल.

मग टाकलेल्या तुकड्यांबरोबर शब्द हरवत नाहीत का? 'आ' हा स्वर सेकंदाचा दहावा भाग टिकला आणि त्याची कंप्रता २०० असली, तर तेवढ्यात जवळजवळ सारख्या २० लाटा येतात. निम्म्या गेल्या तरी 'आ' ओळखू येतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे ग्रँट फेअरबँक्स व त्यांचे सहकारी यांनी १९५४ मध्ये वर्णिलेले यंत्र ध्वनिफितीवर हेच करीत असे. पुढे अंध वाचकांना बोलकी पुस्तके लवकर ऐकता यावीत, म्हणूनही या युक्तीचा उपयोग झाला.

आता तुकडे सव्वादोन सेंमीचे घेऊन पाहा. पहिला तुकडा लाटेच्या माथ्यावर संपतो, तर पुढचा मध्यरेषेवर सुरू होतो. अशा तुटक सांध्यांमुळे आवाजात खरखर येते. म्हणून संगणक तुकडा थोडा मागेपुढे सरकवून लाटा जुळतील अशी जागा शोधतो आणि तिथे एक तुकडा मंद करीत दुसरा वाढवीत नेतो.

टाळी मात्र क्षणभराचीच. तिच्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सारख्या लाटा नसतात. तीच टाकलेल्या तुकड्यात गेली तर? आणि वेग कमी करताना तोच तुकडा दोनदा जोडला तर? एक लांब 'आ' व एक टाळी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, निम्म्या वेगाने ऐका आणि दोन्हींतील फरकाचे कारण स्वतः शोधा.