कुंडीतील मिरचीची तहान

सज्जात ठेवलेल्या कुंडीतील मिरचीचे रोप एखाद्या दिवशी मान टाकून उभे असलेले दिसते. पाहणाऱ्याला त्याची दया येते. तो तांब्याभर पाणी आणून कुंडीत ओततो. दुसऱ्या दिवशीही पाने तशीच लोंबलेली, म्हणून आणखी एक तांब्या! काही दिवसांनी रोप पिवळे पडून मरते आणि पाणी कमी पडले असावे, अशी हळहळ घरात व्यक्त होते. वास्तविक ते रोप तहानेने मेलेले नसते. ते पाण्यात गुदमरलेले असते.

सभोवार पाणी असताना पाने का सुकावीत? मातीच्या कणांमध्ये लहानमोठ्या पोकळ्या असतात. त्यांतील काहींत पाणी, तर काहींत हवा असते. मुळांना दोन्ही हवीत. कारण मुळेही श्वसन करतात व त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या, की हवेला जागा उरत नाही. मुळे दुबळी होऊन कुजू लागतात आणि भोवतालचे पाणी वर पोचवू शकत नाहीत. म्हणूनच तहानलेले रोप व गुदमरलेले रोप वरून सारखेच दिसते. मातीत ओल आणि हवा यांचा मेळ जमला, की ‘वाफसा आला’ असे शेतकरी म्हणतो. पाऊस पडून गेल्यावर तो वाफशाची वाट पाहतो; कुंडीपुढे उभ्या असलेल्यालाही ती पाहावी लागते.

हे ओळखण्यास बोटासारखे दुसरे साधन नाही. वरची माती कोरडी दिसली, तरी तेवढ्यावर विसंबू नये. बोट दोन पेरे आत खुपसावे. ओल लागली, तर झारी खाली ठेवावी. भर उन्हाळ्यात दुपारी ओलसर मातीतील रोपही मलूल होते, कारण पानांतून उडून जाणारे पाणी मुळांना तितक्या वेगाने पुरवता येत नाही. असे रोप ऊन उतरल्यावर आपोआप टवटवीत होते. सकाळीच जे मलूल दिसते व ज्याची मातीही कोरडी लागते, ते मात्र खरोखर तहानलेले.

त्याला घोटभर पाणी देऊन भागत नाही. तेवढ्याने वरचाच थर भिजतो. तळाच्या भोकातून गळेपर्यंत पाणी बुंध्याशी सावकाश घालावे, व खालच्या थाळीत साचलेले ओतून टाकावे. कधी माती अगदी सुकून कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते. तेव्हा वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. कुंडी भिजली असे वाटते. आतला मातीचा गोळा मात्र कोरडाच राहतो. अशी कुंडी थोडा वेळ बादलीतील पाण्यात ठेवून मग निथळू द्यावी.

भाजक्या मातीची कुंडी माठाप्रमाणे आपल्या अंगातूनही पाणी गमावते. प्लॅस्टिकची कुंडी तसे करीत नाही. त्यामुळे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कुंड्यांना एकाच दिवशी पाणी लागेलच, असे नाही. फुले धरल्यावर विशेष जपावे लागते, कारण माती फार सुकली तर रोप फुले गाळून टाकते. पावसाळ्यात तर झारी कित्येक दिवस कोपऱ्यातच पडून राहते. त्या दिवसांत काम उरते ते कुंडी पागोळ्यांखालून बाजूला सरकवण्याचे.