घर बांधण्याआधी कामाची उतरंड

जबलपूरच्या विजय नगरात दुमजली घर उभे करायचे असेल, तर ठेकेदाराशी दर ठरवण्याआधी कामाची उतरंड, म्हणजे वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर, स्वतः मांडा. प्रोजेक्टलिब्रे हे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरते.

नवा प्रकल्प उघडून नाव व सुरुवातीची तारीख भरा. पहिल्या ओळीत ‘घर’ लिहा. त्याखाली मोठे भाग येऊ द्या: नकाशा-मंजुरी, पाया व जोते, सांगाडा, भिंती, नळ व वीज, गिलावा-फरशी-रंग, कुंपण. हे भाग निवडून इंडेंटचे बटण दाबले की ते ‘घर’च्या पोटात जातात. विभागणी बांधायच्या वस्तूवरून करा, महिन्यांवरून किंवा माणसांवरून नको. ठेकेदार मध्येच बदलला तरी पाया पायाच राहतो. नावे मात्र साइटवर चालतात तीच ठेवा: चुनाई (विटांचे बांधकाम), ढलाई (काँक्रीट ओतणे), शटरिंग (त्यासाठीचा साचा).

आता एकेक भाग फोडा. पायाखाली पहिली ओळ माती-परीक्षणाची. जबलपूर परिसरातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया किती खोल न्यायचा हे परीक्षणाशिवाय ठरवू नये.

सांगाड्यापाशी अजिबात घाई नको. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपूर भूकंपाने हादरले होते, माणसे दगावली होती. म्हणून ‘कॉलम’ एका ओळीत उरकू नका. सळई बांधणी, रिंग-तपासणी, शटरिंग, ढलाई, पाणी मारणे अशा पाच ओळी करा. सळयांभोवती बांधलेल्या रिंगची टोके 135 अंशांत वळून कॉलमच्या गाभ्यात शिरलेली हवीत. 90 अंशांवर सोडलेली टोके हादऱ्यात उघडतात. ढलाई झाली की हे कोणालाच दिसत नाही. जे जे झाकले जाणार, त्या प्रत्येकाला स्वतंत्र ओळ द्या. भिंतीतले वायरिंगचे पाइप, न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग, गच्चीचा उतार, सगळे त्यात आले.

फोडणे कुठे थांबवावे? जिथे एक माणूस जबाबदार धरता येतो आणि काम झाले की नाही हे साइटवर उभे राहून सांगता येते, तिथे. पोटातल्या ओळी मिळून वरचा भाग पूर्ण भरतो का, हेही पाहा.

दिवस फक्त सर्वांत खालच्या ओळींत भरा, वरच्या भागाचा कालावधी सॉफ्टवेअर त्यांवरून काढते. शेवटी रिंग-तपासणी आणि ढलाई या ओळी निवडून लिंक करा, म्हणजे ढलाई तपासणीनंतरच येईल; तक्ता छापा आणि ठेकेदाराचे हप्ते तारखांना न बांधता तपासणीच्या ओळींना बांधून घ्या.