टेबलक्लॉथची निगा : धागा, पाणी आणि डाग

पाट, रांगोळी आणि केळीचे पान या परंपरेत वाढलेल्या मराठी घरात जेवणाचे टेबल तसे उशिरा आले. पंगतीत अन्न सांडले तर पान उचलून जमीन सारवता किंवा पुसता येत असे. टेबल आले आणि त्याबरोबर टेबलक्लॉथ, नॅपकिन, टेबलमॅट, ट्रेवरचा रुमाल असा एक नवा संसार कपाटात दाखल झाला. बेंगळुरू शहरात १८०९ मध्ये इंग्रजांची लष्करी छावणी वसली आणि तेथील मेस व क्लब यांतून मेजावर वस्त्र अंथरण्याची पद्धत या शहराला लवकर परिचित झाली. आज नोकरी-व्यवसायानिमित्त बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या कपाटात सोलापूरचे टॉवेल-नॅपकिन, तमिळनाडूतील करूरचे सुती टेबलक्लॉथ, धारवाडकडील कसुती भरतकामाचा रुमाल, आईने किंवा आजीने क्रोशाने विणलेले जाळीचे वस्त्र आणि भेट म्हणून आलेला पॉलिएस्टरचा चकचकीत कपडा एकाच कप्प्यात नांदत असतात.

अडचण येथेच सुरू होते. या सर्वांना एकाच बादलीत, एकाच पावडरीने आणि एकाच पद्धतीने धुतले जाते. वर्षभरात पांढरे कापड करडे दिसू लागते, भरतकामाचा रंग शेजारच्या कापडावर उतरतो आणि क्रोशाची जाळी पिळता पिळता उसवते. दोष मात्र वापराला दिला जातो. वस्तुतः टेबलावरचे कापड वापराने जेवढे झिजते, त्याहून अधिक ते चुकीच्या धुण्याने झिजते. म्हणून धुण्यापूर्वी तीन गोष्टी जाणून घेणे हितावह ठरते : कापडाचा धागा, घरातील पाण्याचा स्वभाव आणि डागाचा प्रकार.

धागा ओळखावा

कापडावर निगेची चिठ्ठी असल्यास ती प्रथम वाचावी. पाण्याच्या टबाच्या चित्रातील आकडा धुण्याच्या पाण्याचे कमाल तापमान दाखवतो, तर इस्त्रीच्या चित्रातील ठिपके उष्णता दाखवतात. एक ठिपका म्हणजे ११० अंश, दोन म्हणजे १५० अंश आणि तीन म्हणजे २०० अंश सेल्सिअसपर्यंत.

चिठ्ठी नसल्यास शिवणीतून एखादा सुटा धागा काढून, तो चिमट्यात धरून धातूच्या ताटलीवर जाळून पाहावा. सुती किंवा लिननचा धागा कागद जळल्यासारखा वास देतो व मऊ राख ठेवतो. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि त्याची काळी राख बोटांनी चुरडता येते. पॉलिएस्टर वितळते आणि थंड झाल्यावर त्याची कडक गोळी बनते.

सुती कापड सर्वांत सोशिक. ओले झाल्यावर सुताची ताकद कमी न होता वाढते, म्हणून ते घासणे व गरम पाणी सहन करते. लिननचेही तसेच आहे. लिनन ज्या वनस्पतीच्या खोडातून मिळते, ती म्हणजे आपले जवस. विदर्भात ज्याच्या बियांची चटणी ताटात वाढली जाते, त्याच वनस्पतीच्या धाग्याचे वस्त्र ताटाखाली अंथरले जाते. लिनन बळकट असले तरी त्याचा धागा ताठ असतो. वर्षानुवर्षे एकाच रेषेवर घडी पडली तर त्या रेषेवर तो तुटतो. त्यामुळे लिननची घडी दर वेळी बदलावी किंवा ते कापड गुंडाळून ठेवावे.

रेशीम हा प्राणिज धागा असून तो प्रथिनांचा बनलेला असतो. अन्नाचे डाग काढण्यासाठी अनेक धुण्याच्या पावडरींमध्ये प्रथिने विघटित करणारी विकरे घातलेली असतात. ती रेशमाच्या धाग्यालाही इजा करतात. म्हणून रेशमी रनर किंवा रुमालासाठी रिठ्याचे पाणी अथवा सौम्य द्रव साबण वापरावा, पाणी थंड असावे आणि कापड पिळू नये. जरीकाम असल्यास ड्रायक्लीनिंग करून घेणे श्रेयस्कर.

व्हिस्कोस रेयॉन दिसायला रेशमासारखे असते, परंतु ओले झाल्यावर त्याची ताकद बरीच घटते. ओल्या अवस्थेत ते घासू वा ताणू नये. पॉलिएस्टर लवकर वाळते, चुरगळत नाही, मात्र तेलकट डाग घट्ट धरून ठेवते. त्यावरील तेल ताजे असतानाच काढावे. तागाचे टेबलमॅट भिजत घालू नयेत. कोरड्या ब्रशने झटकून, डागापुरते ओल्या फडक्याने पुसावेत.

भरतकामाचे कापड धुण्यापूर्वी त्याच्या मागच्या बाजूस ओला पांढरा कापूस क्षणभर दाबून पाहावा. कापसावर रंग उतरल्यास ते कापड वेगळे आणि थंड पाण्यात धुवावे. पाण्यात मीठ घातल्याने कच्चा रंग कायमचा पक्का होतो, ही समजूत बरोबर नाही.

पाण्याचा स्वभाव

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे आणि शहरालगत मोठी नदी नाही. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, जवळपास ५०० मीटर उंची चढवून आणावे लागते. ज्या वसाहतींना हे पाणी पुरेसे मिळत नाही, त्या विंधनविहिरींवर आणि टँकरवर विसंबून असतात. भूगर्भातील हे पाणी बहुधा जड, म्हणजे शास्त्रीय भाषेत दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. फेस येत नाही म्हणून आणखी साबण घातला जातो, साका वाढतो आणि तोच कापडाच्या विणीत बसून पांढऱ्या टेबलक्लॉथला करडी छटा व खरखरीतपणा देतो. नवीन शहरात राहावयास आलेल्या कुटुंबास पावडर बदलूनही गुण येत नाही, त्याचे कारण अनेकदा पाण्यात असते.

जड पाण्यात साबणाच्या वडीऐवजी डिटर्जंट वापरावा, कारण त्याचा असा साका बनत नाही. पांढऱ्या सुती व लिनन कापडासाठी पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवल्यास पाणी मृदू होते. रेशमाला सोडा कदापि लावू नये. पावडर मात्र मोजूनच घ्यावी. जादा पावडर जादा स्वच्छता देत नाही. ती खळबळून काढण्यास अधिक पाणी लागते आणि कापडात उरलेला अंश पुन्हा धूळ धरतो.

या मोजमापाला बेंगळुरूत विशेष अर्थ आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील असंख्य विंधनविहिरी आटल्या. त्या वर्षी मार्च महिन्यात शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने वाहने धुणे, बागेस घालणे यांसारख्या कामांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली आणि नियमभंगास ५,००० रुपये दंड ठरविला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. त्याची क्षमता दररोज ७७.५ कोटी लिटर आहे. पाणी वाढले तरी धुण्याचे सांडपाणी कोठे जाते, हा प्रश्न उरतोच. बेळ्ळंदूर तलावावरील पांढऱ्या फेसाचे ढीग २०१५ च्या सुमारास रस्त्यावर उडू लागले, तेव्हा साऱ्या देशाने ते पाहिले. प्रक्रिया न होता तलावात मिसळणाऱ्या सांडपाण्यातील डिटर्जंटचा त्या फेसात मोठा वाटा होता. घरातील एक चमचा पावडर वाचविणे ही म्हणूनच क्षुल्लक बाब नाही. नॅपकिन खळबळल्यानंतरचे शेवटचे पाणी बाल्कनी धुण्यास किंवा शौचालयात वापरता येते.

डागाची जात

डागावर गरम पाणी ओतण्याची घाई करू नये. दूध, दही, अंडे यांतील प्रथिने उष्णतेने गोठून धाग्याला चिकटतात. फिल्टर कॉफीच्या पेल्याचे वर्तुळ उमटल्यास त्यात दूधही असते, म्हणून प्रथम कापडाच्या उलट बाजूने थंड पाण्याची धार सोडावी आणि नंतर डिटर्जंट लावावा. चहा-कॉफीच्या डागावर साबणाची वडी घासू नये, त्याने डाग पक्का होण्याचा संभव असतो.

हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो आणि पाहणारा घाबरतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हळदीतील रंगद्रव्य क्षाराच्या संपर्कात लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू तयार करण्याची जुनी रीत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. हेच रंगद्रव्य सूर्यप्रकाशात मात्र टिकत नाही. सांबार वा आमटी सांडल्यास आधी भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा थेंब लावून तेल काढावे, कापड धुवावे आणि ओले असतानाच उन्हात घालावे. पांढऱ्या सुती कापडावरील पिवळेपणा एक-दोन उन्हांत पुष्कळसा उतरतो.

तूप-तेलाच्या ताज्या डागावर बेसन किंवा टाल्कम पावडर पसरून अर्धा तास ठेवावी व नंतर झटकावी. तारेचा वा चिमट्याचा गंज लागल्यास लिंबू-मीठ लावून पांढरे सुती कापड उन्हात ठेवावे आणि मग स्वच्छ धुवावे. गंजावर ब्लीच वापरल्यास डाग अधिक गडद होतो. क्लोरीनयुक्त ब्लीच रेशीम व लोकर यांना नष्ट करते. ते लिंबू वा व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निर्माण होतो.

वाळवण, इस्त्री आणि साठवण

बेंगळुरूत सप्टेंबर-ऑक्टोबर हे सर्वाधिक पावसाचे महिने. गणपतीपासून दिवाळीपर्यंत पाहुण्यांची वर्दळ असते ती नेमकी याच काळात. अर्धवट वाळलेले कापड घडी करून ठेवल्यास त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते सहसा जात नाहीत. पंख्याखाली का होईना, कापड पूर्ण वाळू द्यावे. पांढरे सुती उन्हात, रंगीत व रेशमी सावलीत आणि क्रोशाचे विणकाम दोरीवर न टांगता टॉवेलवर आडवे पसरून वाळवावे.

लिननला किंचित दमट असतानाच इस्त्री करावी. भरतकाम उलट बाजूने, खाली जाड टॉवेल घालून इस्त्री केल्यास टाके दबत नाहीत. खळ दिलेले वस्त्र टेबलावर शोभते, परंतु ते तसेच कपाटात दीर्घकाळ ठेवू नये, कारण खळीला कसर लागते. ठेवणीतील कापड खळ न देता, नीट खळबळून ठेवावे आणि लाकडी फळीवर थेट न ठेवता जुन्या, स्वच्छ धुतलेल्या धोतराच्या किंवा पांढऱ्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळावे. वर्षातून दोनदा घडी उलगडून हवा द्यावी.

जपणुकीचा हिशेब

समजा, एक टेबलक्लॉथ १,२०० रुपयांचा आहे. तो शंभर धुण्यांत विरला तर प्रत्येक धुण्यामागे १२ रुपये खर्ची पडतात आणि योग्य निगेने दोनशे धुणी टिकला तर ६ रुपये. शिवाय वाचलेली पावडर आणि पाणी वेगळेच. आजीच्या हातच्या क्रोशाच्या जाळीला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. ती एकदा उसवली की कोणत्याही किमतीला पुन्हा मिळत नाही. म्हणून पुढील वेळी धुण्याचे कपडे मशीनमध्ये टाकण्यापूर्वी टेबलावरचे कापड क्षणभर हातात घेऊन त्याचा धागा कोणता, हे घरातील प्रत्येकाने पाहावे. तेवढ्या एका सवयीने निगेचे अर्धे काम साधते.