वाळवीने फिनलंड पाहिलेला नाही

थर्मोवुडला वाळवी लागत नाही, असं सांगणारा विक्रेता भेटला तर त्याला एवढंच म्हणावं, ‘हे बिलावर लिहून द्या.’ माझ्या धाकट्या बहिणीने दापोलीजवळ घर बांधलं, तेव्हा क्लॅडिंगच्या ठेकेदाराने हेच छातीठोकपणे सांगितलं होतं. दुसरा पावसाळा सरल्यावर सर्वांत खालची फळी बोटाने दाबली तर बोट आत गेलं. वरून रंग शाबूत, आत नुसती माती.

लाकूड खोटं नव्हतं. थर्मोवुड म्हणजे उष्णतेने भाजलेलं लाकूड; ही पद्धत १९९०च्या दशकात फिनलंडमध्ये विकसित झाली. पाईन किंवा स्प्रूसच्या फळ्या भट्टीत घालतात, त्या पेटू नयेत म्हणून वाफ सोडतात आणि तापमान २१२ अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. रसायन काही नाही. एवढ्या उष्णतेने लाकडातलं हेमिसेल्युलोज मोडतं, राळ निघून जाते, आणि हवेतला ओलावा शोषण्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. म्हणून ते फुगतं कमी, वाकतं कमी आणि बुरशीला सहजी दाद देत नाही. फिनलंडमधल्या भिंतीला तेवढं पुरतं, कारण तिथे जमिनीतून वर चढणारी वाळवी नसतेच. आपल्याकडे ती आहे, आणि भाजलेलं लाकूड तिला चालतं.

दापोलीत तिची वाट सोपी करून दिली होती. फळ्या थेट बागेच्या मातीला टेकवल्या होत्या आणि त्यांच्या मागच्या पट्ट्या होत्या साध्या जंगली लाकडाच्या. वाळवीने आधी पट्ट्या खाल्ल्या, मग मोर्चा महागड्या फळ्यांकडे वळवला. पायाला वाळवीविरोधी औषध मारलेलं होतं, पण त्यावरच नवी माती टाकून जास्वंद लावली की ते औषध काय करणार? जमिनीपासून निदान ३० सेंटिमीटर जोतं उघडं राहू द्या. तिथे वाळवीची मातकट नळी चढताना दिसते, हा त्याचा खरा फायदा. मागच्या पट्ट्या अॅल्युमिनियमच्या किंवा प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या घ्या.

भिंत आणि फळी यांच्यात २० ते २५ मिलिमीटर पोकळी हवी, खाली-वर उघडी, तोंडाला जाळी. आडव्या फळ्यांच्या मागे पट्ट्या उभ्या मारल्या की हवा आपोआप खेळते. कोकणातला पाऊस आडवा येतो, तो फटींतून आत शिरणारच. आत आलेलं पाणी सुकलं पाहिजे. टंग-ग्रूव्हची फळी आडवी बसवताना टंग वर आणि ग्रूव्ह खाली, हे मी सुतारांना उभं राहून सांगितलेलं आहे. उलटं बसलं की प्रत्येक खाच पाण्याची पन्हळ होते.

स्क्रूवर पैसे वाचवू नका. हे लाकूड किंचित आम्लधर्मी असतं, त्यात जस्त चढवलेला स्क्रू गंजतो आणि खाली काळे ओघळ उतरतात. स्टेनलेस स्टीलच घ्या, समुद्राजवळ ३१६ प्रतीचं. भाजल्याने लाकूड ठिसूळही होतं, तेव्हा आधी भोक पाडून मगच स्क्रू, विशेषतः टोकांजवळ. फळी कापली की कापलेलं टोक लगेच तेलाने किंवा सीलरने बंद करायचं. आणि हे लाकूड भार घेण्यासाठी नाही. कोणी त्याची तुळई सुचवली तर नकार द्या.

खरेदीच्या वेळी वेष्टनावरचा वर्ग वाचा. ‘थर्मो-एस’ आणि ‘थर्मो-डी’ असे दोन असतात. पाईनसाठी एस म्हणजे १९० अंश, डी म्हणजे २१२. बाहेरच्या भिंतीला डी. शोरूममधला तो मधाळ तपकिरी रंग मात्र टिकत नाही. ऊन लागलं की राखाडी होतो आणि पृष्ठभागाला बारीक चिरा पडतात. राखाडी आवडत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर रंगद्रव्य असलेलं तेल लावा. बिनरंगी तेल ऊन अडवत नाही, आणि चकचकीत वॉर्निशचे दोन-तीन वर्षांत पापुद्रे निघतात.

तेल पावसाळ्यानंतर लगेच नको. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत सुकू द्या, मऊ ब्रशने साबणपाण्याने धुवा, पुन्हा सुकवा. प्रेशर वॉशर वापरला तर लाकडाचे तंतू उपटले जातात. पाण्याचे थेंब फळीवर मोत्यासारखे न थांबता जिरायला लागले, की तेलाची वेळ आली. पश्चिम आणि दक्षिण बाजूंना ती लवकर येते. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर कोकणातल्या पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर हे लाकूड मी लावणार नाही. तिथे जुनी माणसं पावसाळ्यात झापं बांधत, ती उगीच नाही. पडवीच्या छताला, खोल वळचणीखाली ते देखणं दिसतं आणि टिकतं. बहिणीने आता तेच केलंय: शाबूत निघालेल्या फळ्या पडवीच्या छताला चढवल्या, आणि पश्चिमेला जांभा उघडा ठेवला.