टी.व्ही. घेताना वजन नको, उतारा पाहा



ऊसबिल जमा झाले की घरात टी.व्ही.चा विषय निघतोच. आपल्यापैकी कित्येकांची मुले नोकरीनिमित्त पुण्यात असतात, त्यामुळे खरेदीही तिकडेच होते. दोन वर्षांपूर्वी आपल्या एका सभासदांनी विश्रांतवाडीच्या दुकानातून ४३ इंची स्वस्त स्मार्ट टी.व्ही. आणला. चौदाव्या महिन्यात आवाज येई, पण चित्र गायब! हमी एक वर्षाची, ती संपलेली. दुरुस्ती केंद्र तालुक्यात नाही. शेवटी टी.व्ही. गोधडीत गुंडाळून परत विश्रांतवाडी गाठावी लागली. म्हणून हे चार शब्द.

ऊस नुसता जाड असून भागत नाही, साखर उतारा लागतो. टी.व्ही.चेही तसेच आहे. खोक्यावरचे मोठे आकडे म्हणजे वजन. घरात दिसणारे चित्र आणि टिकाऊपणा म्हणजे उतारा.

१) चित्र ठिपक्यांचे बनते. एचडी रेडीमध्ये १३६६ × ७६८, फुल एचडीत १९२० × १०८० आणि फोर-के मध्ये ३८४० × २१६० ठिपके असतात. ‘फोर-के सपोर्ट’ एवढेच लिहिले असेल तर पडदा फोर-केचा असेलच असे नाही. ३२ इंची टी.व्ही. दहा फुटांवरून पाहणाराला पहिल्या दोहोंतला फरक सहसा कळत नाही. तिथे जादा पैसे घालू नयेत.

२) दुकानात झगझगीत चित्रफीत लावलेली असते. तिला भुलू नये. साधी बातमी किंवा क्रिकेट लावायला सांगावे, बाजूला उभे राहून रंग फिके पडतात का पाहावे. आपल्याकडे माणसे घरभर पसरून बसतात, समोर एकटाच कोण बसतो?

३) दुरुस्ती केंद्र कोठे आहे, पडद्याची हमी किती, हे पैसे देण्याआधी विचारावे. पक्के बिल घ्यावे व त्यावर टी.व्ही.चा क्रमांक लिहून घ्यावा.

४) उजेडाची पातळी पूर्ण ठेवू नये. त्याने पडद्यामागचे दिवे लवकर जातात. विजा कडाडू लागल्या की प्लग व डिशची केबल दोन्ही काढावीत.

आवाज आहे पण चित्र नाही, असे झाले तर अंधारात पडद्यावर बॅटरीचा झोत टाकावा. पुसट चित्र दिसले तर बहुधा मागचे दिवे गेलेले असतात, ते बदलता येतात. आपल्या सभासदांचे तेच निघाले. टी.व्ही. भंगारात जायचा वाचला. मात्र पडदाच फुटला, तर खर्च नव्या टी.व्ही.च्या जवळपास जातो.

दुकानदार दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. त्यासाठी पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही.

बेणे आपण डोळा तपासूनच घेतो. टी.व्ही.ही तसाच घ्यावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी